फुलांच्या दरीची तारीख दरीलाच ठरवू द्या

महाराष्ट्रातील ट्रेक आयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील ट्रेक आयोजक, गिर्यारोहण संस्थांचे पदाधिकारी आणि ट्रेक लीडर,



मे महिना लागला की पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या डोंगरभटक्यांच्या मोबाइलवर एक जाहिरात हमखास येऊन पडते. गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरलेला उतार, धुक्यात अर्धे बुडालेले कडे आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर : व्हॅली ऑफ फ्लॉवर्स व हेमकुंड, हरिद्वार ते हरिद्वार सहा दिवस, पंधरा ऑगस्टची जोडसुट्टी, मोजक्याच जागा शिल्लक. ही जाहिरात कोणा एकाची नाही, थोड्याफार फरकाने ती सगळ्यांचीच आहे. म्हणून हे पत्रही आपणा सर्वांना आहे. मागणी एकच. उत्तराखंडातल्या या राष्ट्रीय उद्यानाची मोहीम आखताना दिवस आणि तारखा आपल्याकडच्या सुट्ट्यांवरून ठरवू नका. तिथला पाऊस, तिथली उंची आणि तिथला रस्ता यांना त्या ठरवू द्या.

ही मागणी परक्याची नाही. महाराष्ट्रात डोंगर चालण्याची आवड घराघरांत रुजली, ती आपल्यासारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे घेतलेल्या कष्टांमुळे. पहिल्यांदा राजमाचीला गेलेले पोर पुढे हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढते आणि एक दिवस हिमालयाचे तिकीट काढते, ते लीडरच्या शब्दावर विसंबून. कितीतरी मराठी ट्रेकर्सचा पहिला हिमालय म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्स. तंबू नको, दोर नको, सोपी मळलेली वाट, दरीखालच्या घांघरिया गावात मुक्कामाची सोय. म्हणून घरचेही निर्धास्तपणे पाठवतात. तेव्हा या पहिल्या हिमालयाची आखणी नीट होणे ही आपलीच जबाबदारी आहे.

मुळात ही जागा आहे कशी? चमोली जिल्ह्यातले हे उद्यान ८७.५ चौरस किलोमीटरचे. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि २००५ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाच्या जोडीने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. टिपरा हिमनदीतून निघालेली पुष्पावती नदी या दरीतून वाहते. घांघरियाजवळ तिला हेमकुंड साहिब या शीख तीर्थाकडून येणारे पाणी मिळते आणि तो एकत्र प्रवाह खाली गोविंदघाटला अलकनंदेत जातो. आपले ट्रेकर गोविंदघाटहून वर चालतात ते याच पाण्याच्या काठाने, म्हणजे पूर आला तर तोही त्याच वाटेने उतरतो. दरीत सपुष्प वनस्पतींच्या पाचशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. दाराशी भूर्ज आणि ऱ्होडोडेंड्रॉनचे रान, त्यापलीकडे मोकळी कुरणे, त्यांच्यावर खडक आणि बर्फ. कस्तुरीमृग, भरल, हिमालयीन काळे अस्वल आणि हिमबिबट्या हे तिथले रहिवासी.

१९३१ मध्ये फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन आणि आर. एल. होल्ड्सवर्थ हे ब्रिटिश गिर्यारोहक ७,७५६ मीटर उंचीचे कामेट शिखर चढून परतताना भ्यूंदार खिंड ओलांडून या दरीत उतरले. स्माइथ त्या फुलांनी इतका भारावला की १९३७ मध्ये तो पुन्हा आला, दरीत तळ ठोकून राहिला, बिया आणि नमुने गोळा केले. १९३८ मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकाने दरीचे इंग्रजी नाव जगभर पोचवले. भ्यूंदार गावच्या लोकांना मात्र ती शोधावी लागली नव्हती. त्यांची जनावरे उन्हाळ्यात तिथेच चरत. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग ही ब्रिटिश बाई वनस्पतींचा अभ्यास करायला आली आणि फुले गोळा करताना खडकाळ उतारावरून घसरून मृत्युमुखी पडली. तिच्या बहिणीने नंतर येऊन बसवलेला स्मृतिशिलालेख आजही दरीत आहे. आपले गट तिथे थांबतात, फोटो घेतात. ओल्या गवताळ उतारावर एक पाऊल चुकले तर काय होते, हे त्याच ठिकाणी उभे राहून सांगितले तर नवख्या ट्रेकरला ते जन्मभर लक्षात राहील.

आता तारखांचा प्रश्न. उद्यान १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. या पाच महिन्यांत दरी एकसारखी नसते. जूनमध्ये ओढ्यांत अजून बर्फ साचलेले असते आणि ते मागे सरेल तशी प्रिम्युला, ॲनिमोन ही लवकर फुलणारी मंडळी वर येतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सर्वाधिक जाती फुललेल्या असतात : जिरेनियम, पोटेंटिला, गुलाबी एपिलोबियम, माणसाच्या उंचीची तेरड्याच्या कुळातली झुडपे. हेमकुंडाच्या चढावर खडकांच्या सांदीत निळी खसखस दिसते ती याच दिवसांत. ऑगस्ट संपत आला की रंग ओसरू लागतो, पण आकाश निवळायला लागते आणि वरच्या उतारांवर ब्रह्मकमळे सापडतात. हे ब्रह्मकमळ उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. आपल्याकडे कुंडीत लावतात त्या रात्री फुलणाऱ्या निवडुंगाशी त्याचे काही नाते नाही. सप्टेंबरमध्ये गवत पिवळे-तांबूस होते, बिया धरतात आणि शिखरे दिवसभर मोकळी दिसू लागतात.

म्हणजे पंधरा ऑगस्टला फुले असतात, हे खरेच. पण ती जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातही असतात आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातही. फरक गर्दीचा आहे. जोडसुट्टीला देशभरातले गट एकाच वेळी घांघरियात उतरतात. एकच अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना लॉज आणि खानावळी, हेमकुंडाचे यात्रेकरू, त्यांची खेचरे आणि आपले ट्रेकर. हे गाव हिवाळ्यात रिकामे असते. वीज, पाणी, सांडपाणी यांची सोय हंगामापुरती आणि बेताची. दरीतली वाट तर एका वेळी एकानेच चालावे अशी. अशा वाटेवर चाळीस जणांचा गट पुढे आणि पन्नासांचा मागे असला की लोक वाट सोडून कडेने चालतात आणि पाय पडतो तो फुलांवर. आयोजकाने तीच मोहीम आठवडाभर अलीकडे किंवा दहा दिवस पलीकडे नेली तरी फुले मिळतात आणि चालायला वाट मिळते. रजा काढावी लागेल, काही नावे कमी येतील. पण जो ट्रेकर हिमालयासाठी तीन दिवस जादा रजा काढत नाही, त्याला तिथे नेण्याची घाई तरी कशासाठी?

फुलांचा हंगाम आणि दरडींचा हंगाम एकच आहे. या उद्यानाच्या आखणीतली सगळी अडचण इथे आहे. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग करत हा रस्ता गंगा-अलकनंदेच्या काठाने जातो. कोरड्या दिवसांत दहा तासांचा प्रवास. पावसाळ्यात एखादी दरड आली की तोच प्रवास दोन दिवसांचा होतो आणि रात्री वाहतुकीवर निर्बंध असल्याने उशीर अंधारात भरून काढता येत नाही, काढूही नये. खुद्द जोशीमठ जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलेले आहे. १९७६ मध्येच मिश्रा समितीने तिथल्या अवजड बांधकामांबद्दल सावध केले होते. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. मार्च २०२५ मध्ये गोविंदघाटचा अलकनंदेवरचा पूल डोंगरावरून आलेल्या दगडांखाली कोसळला. घांघरियाची वाट त्याच पुलावरून सुरू होते. हंगामाआधी तात्पुरता पूल उभारून ती चालू करावी लागली.

आणि २०१३. १६ आणि १७ जूनच्या पावसाने केदारनाथमध्ये काय झाले ते सगळ्या देशाने पाहिले. त्याच दोन दिवसांत या दरीतल्या पाण्यानेही भ्यूंदार गावाची घरे नेली, पुलना ते घांघरिया वाटेचा मोठा भाग वाहून गेला आणि वर अडकलेल्या यात्रेकरूंना हेलिकॉप्टरने काढावे लागले. नंतर वाट नव्याने बांधावी लागली. आज आपले गट चालतात ती ही नवी वाट.

इतके सगळे माहीत असताना सहा दिवसांच्या कार्यक्रमात एकही दिवस मोकळा नसतो. पहिल्या दिवशी हरिद्वार ते जोशीमठ, दुसऱ्या दिवशी घांघरिया, तिसऱ्या दिवशी दरी, चौथ्या दिवशी हेमकुंड, पाचव्या दिवशी खाली उतरून कुठे बद्रीनाथचे दर्शनही, सहाव्या दिवशी परत हरिद्वार आणि त्याच रात्रीच्या गाडीचे आरक्षण. यात एक दरड आली तर काय जाते? बहुतेक वेळा हेमकुंड किंवा दरी जात नाही. जाते ती विश्रांती. लीडरवर पन्नास आरक्षित तिकिटांचे ओझे असते. मग पावसातच निघा, थकलेल्यांनाही चढवा, चालकाला पहाटे तीनला उठवा, असे निर्णय होतात. लीडरचा अनुभव कितीही दांडगा असला तरी वेळापत्रक त्याला हे निर्णय घ्यायला भाग पाडते. जून २०२४ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सहस्रताल ट्रेकवर कर्नाटकातून आलेल्या गटाला उंचावर बर्फवादळाने गाठले आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. तो ट्रेक वेगळा, ऋतू वेगळा. पण हिमालयातले हवामान काही तासांत फिरते आणि अशा वेळी जागेवर थांबण्याची किंवा मागे फिरण्याची मोकळीक कार्यक्रमात असावीच लागते, हे त्या दुर्घटनेनंतर कोणी नाकारू नये.

उंचीचा हिशेबही असाच मांडावा लागतो. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. गोविंदघाट सुमारे १,८०० मीटरवर आहे. म्हणजे आपला सगळा सह्याद्री जिथे संपतो त्याच्याही वरून हा ट्रेक सुरू होतो. घांघरिया साधारण ३,०५० मीटर, दरी ३,३०० ते ३,६००, हेमकुंड ४,३०० मीटरच्या आसपास. समुद्रसपाटीच्या तुलनेत घांघरियाला श्वासागणिक जेमतेम सत्तर टक्के प्राणवायू मिळतो, हेमकुंडाला साठ टक्क्यांच्या आसपास. पुणे ५६० मीटरवर, मुंबई समुद्राकाठी. तिथून निघालेला माणूस तीन-चार दिवसांत हेमकुंडाच्या पायऱ्यांवर उभा राहतो. गोविंदघाटहून हेलिकॉप्टरने घांघरियाला आला तर मधली सव्वा हजार मीटरची उंची तो काही मिनिटांत ओलांडतो.

दर रविवारी सिंहगड चढणारा तरुण इथे आजारी पडणार नाही असे मुळीच नाही. विरळ हवेचा त्रास दमसासावर ठरत नाही. तो किती वेगाने उंची गाठली यावर ठरतो. डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. विश्रांती घेऊनही धाप थांबत नसेल, चालताना झोक जात असेल, बोलणे अडखळत असेल तर औषधाची वाट न पाहता माणसाला खाली उतरवणे हा पहिला आणि खरा उपाय. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. सुदैवाने हेमकुंडाला रात्री राहू देत नाहीत. चढून त्याच दिवशी घांघरियाला परतावे लागते आणि त्यामुळे पुष्कळ धोका टळतो. पण त्यासाठी आदल्या रात्री शरीर घांघरियाला सरावलेले हवे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. घांघरियाला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दरी, मगच हेमकुंड. दरीची चढाई कमी आहे आणि दिवसभर साडेतीन हजार मीटरच्या आसपास वावरून मुक्कामाला खाली येता येते. हेमकुंडाच्या सहा किलोमीटरच्या उभ्या चढासाठी याहून चांगली तयारी नाही. काही गट हेमकुंड आधी उरकतात, कारण दमछाकीचा दिवस लवकर संपवायचा असतो. ते चूक आहे. ज्येष्ठ सदस्य, मधुमेह किंवा रक्तदाब असलेले, पहिल्यांदाच तीन हजारांवर जाणारे, यांची माहिती नोंदणीच्या वेळीच घ्या. डॉक्टरांचा दाखला कागदापुरता नको. उंचीवर घ्यायच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या डॉक्टरने लिहून द्याव्यात; ग्रुपवर कोणी सुचवले म्हणून नव्हे.

या सगळ्यांतून निघणारी आखणी अशी. हरिद्वार ते हरिद्वार आठ दिवस. पहिला मुक्काम पीपलकोटी किंवा जोशीमठ. दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, तिथून जीपने पुलना आणि पुढे नऊ-दहा किलोमीटर चालून घांघरिया. तिसऱ्या दिवशी दरी. चौथ्या दिवशी हेमकुंड. पाचवा दिवस राखीव, घांघरियालाच. पाऊस नसेल तर त्या दिवशी पुन्हा दरी आणि ती अधिक आत, नदीच्या पात्रापर्यंत. सहाव्या दिवशी उतरून जोशीमठ. सातव्या दिवशी हरिद्वार. आठवा दिवस रस्त्यासाठी राखीव, परतीचे आरक्षण त्यानंतरचे. खर्च वाढेल, हे मान्य. पण दोन दिवसांचा मुक्काम आणि जेवण यांची रक्कम घरातून हरिद्वारपर्यंतच्या एकूण खर्चात फार मोठी नसते.

त्या दुसऱ्या फेरीची किंमत तर पैशांत सांगता येणार नाही. दरीत दुपारनंतर प्रवेश देत नाहीत आणि संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर यावे लागते. मुक्कामाला बंदी आहे. घांघरियाहून वाट आधी पुष्पावतीच्या पुलापर्यंत उतरते, मग भूर्जाच्या रानातून चढते. पहिल्या कुरणाशी पोचायलाच दोन-अडीच तास जातात. एकाच दिवसाचा कार्यक्रम असलेले बहुतेक लोक तिथेच फोटो काढून परततात आणि दरी पाहिली म्हणतात. दरीची लांबी आठेक किलोमीटर आहे. ज्याला दोन दिवस मिळतात तो पहिल्या दिवशी वाट पाहतो आणि दुसऱ्या दिवशी फुले. कोब्रा लिलीची फणा, दगडाआडचे इवले ऑर्किड, उतरत्या उन्हात मिटणाऱ्या पाकळ्या हे दुसऱ्या दिवशी दिसते. गटात वनस्पती ओळखणारे कोणी असेल तर उत्तम. नसेल तर भ्यूंदारचा वाटाड्या आहेच.

आणि इथे त्या गावाबद्दल बोलायलाच हवे. उद्यान जाहीर झाले तेव्हा दरीतली चराई बंद झाली. भ्यूंदार-पुलनाच्या कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची उन्हाळी कुरणे एका आदेशाने मिटली. चराई थांबल्याने नेमके काय साधले, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत दुमत राहिले आहे : कुरणांवरचा भार हटला हे काही जण सांगतात, तर चराई थांबल्यावर काही आक्रमक झुडपे फोफावली आणि नाजूक जातींना जागा उरली नाही, असे काही जण सांगतात. पॉलिगोनम या प्रजातीतली एक उंच वनस्पती, जिला तिकडे अमेला म्हणतात, दरीच्या मोठ्या भागावर पसरली आणि ती उपटण्याचे काम वन विभागाला वर्षोवर्षी करावे लागते. जाहिरातीतल्या काही फोटोंत जो पांढरट फुलोऱ्याचा दाट पट्टा सुंदर दिसतो, तो पुष्कळदा हिचाच असतो. लीडरला हे माहीत हवे आणि त्याने ते गटाला सांगितले पाहिजे.

कुरणे गेल्यावर गावाने पर्यटनावर पोट भरायचे ठरवले. लॉज, खानावळी, खेचरे, डंडी, कंडी, वाटाडे. भ्यूंदारची परिसर विकास समिती घांघरियाची आणि वाटेची सफाई पाहते, येणाऱ्यांकडून त्यासाठी थोडे शुल्क घेते. ते हुज्जत न घालता द्यावे आणि त्याची पावती गटाला दाखवावी. मुंबई-पुण्याहून स्वयंपाकी, सामान, लीडर असे सगळे सोबत घेऊन जाणारा गट त्या दरीला गर्दी देतो आणि गावाला काहीच देत नाही. एक स्थानिक वाटाड्या दर दहा माणसांमागे, स्थानिक खानावळीत जेवण, ओझ्यासाठी स्थानिक माणूस, एवढे तरी कार्यक्रमातच लिहून ठेवा. दरीच्या आत खेचरांना मनाई आहे. ज्याला चालवत नाही त्याला कंडीवाला पाठीवर नेतो. त्या माणसाशी घासाघीस करून दोनशे रुपये वाचवले, याचा अभिमान वाटावा असे त्यात काही नाही.

कचरा सोबत खाली आणणे हे आपल्या चांगल्या संस्था सह्याद्रीत करतातच. घांघरियाला ते अधिक महत्त्वाचे, कारण तिथे पडलेले प्रत्येक वेष्टन माणसाच्या किंवा खेचराच्या पाठीवरूनच खाली येऊ शकते. बिस्किटांची पुडकी, रेनकोटच्या स्वस्त पातळ पिशव्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या या तीन गोष्टी सामानाच्या यादीतून काढून टाका. फूल तोडायचे नाही, हे तर सांगायलाही नको. पण ब्रह्मकमळाच्या बाबतीत देवाला वाहायला म्हणून हात पुढे जातो. तोही जाऊ देऊ नका.

हे सगळे महाराष्ट्राला नवे नाही. साताऱ्याजवळच्या कास पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या यादीतून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि लगेच गर्दी लोटली. वाहनांनी आणि पायांनी पठार तुडवले जाऊ लागले, तेव्हा आसपासच्या गावांच्या वन समित्या आणि वन विभाग यांनी मिळून दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आधी नोंदणी आणि प्रवेशशुल्क अशी व्यवस्था बसवली. सुरुवातीला कुरकुर झाली, पण आज कासला जाणारा मराठी माणूस नोंदणी करूनच निघतो आणि फुले पाहून परततो. जे आपण आपल्या पठारावर शिकलो ते हिमालयात विसरून कसे चालेल? महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनासाठी धोरण आणले. संस्थांची नोंदणी, लीडरचे प्रशिक्षण, प्रथमोपचार, विमा यांची भाषा त्यात आहे. राज्याबाहेर ते लागू नसले तरी तीच शिस्त उत्तराखंडात पाळायला कोणाची हरकत असणार नाही.

तेव्हा आपणा सर्वांना या हंगामासाठी ठोस विनंती आहे.

जाहिरातीत दिवस कमी करून स्पर्धा करू नका. आठ दिवसांच्या खालचा कार्यक्रम छापू नका आणि त्यात राखीव दिवस कशासाठी आहेत ते स्पष्ट लिहा. पंधरा ऑगस्टच्या आठवड्यात एकच गट न्या, तोही पंधरा-वीस जणांचा. फुलांची हमी देऊ नका, कारण ती कोणाच्याच हातात नाही. जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या महिन्यांत काय दिसते ते प्रामाणिकपणे सांगा. हवामानामुळे हेमकुंड किंवा दरी सोडावी लागली तर लीडरचा निर्णय अंतिम राहील, हे नोंदणीच्या अर्जात लिहा आणि तसा निर्णय घेणाऱ्या लीडरच्या मागे संस्थेने उभे राहा. हेमकुंडासाठी राज्य सरकारची यात्रा नोंदणी लागते आणि उद्यानासाठी वन विभागाचा वेगळा परवाना. दोन्ही निघण्याआधी समजून घ्या, गोविंदघाटला पोचून धावपळ करू नका. परतीच्या आरक्षणाला चोवीस तासांची मोकळीक ठेवा.

ट्रेकरनेही हे पत्र वाचले तर त्याच्यासाठी तीन प्रश्न पुरेत. पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा : राखीव दिवस किती? गटात माणसे किती? स्थानिक वाटाडे किती? तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली तरच नाव नोंदवा.

पुढच्या १ जूनला घांघरियाच्या पलीकडचे दार पुन्हा उघडेल. आपले या वर्षीचे कार्यक्रम बहुधा अजून छापखान्यात आहेत. ते बदलायला वेळ आहे, कृपया बदला.